मोरो रघुनाथाचें प्रकरण : मुंबईचें सुप्रीम कोर्ट व तत्कालीन वर्तमानपत्रें

'सुप्रीम कोर्ट' म्हटलें म्हणजे आज दिल्लीचें न्यायालय डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याची उद्घाटनाची बैठक ता. २८ जानेवारी १९५० रोजीं झाली. परंतु जुन्या कागदांत हा शब्द आढळला असतां वाचकानें थोडें सावध असावें. कारण त्यापूर्वीं याच नांवाचीं तीन न्यायालयें हिंदुस्थानांत होऊन गेलीं : कलकत्त्याचें सन १७७४ मध्यें, मद्रासचें सन १८०१ मध्यें व मुंबईचें सन १८२४ मध्यें सुरू झालें. हीं कंपनीचीं न्यायालयें नव्हेत. तीं इंग्लंडच्या राजाच्या सनदेनें स्थापलेलीं होतीं. त्यांचे न्यायाधीश विलायतेहून नेमून येत, आणि त्यांच्यावर अपील करावयाचें तें खुद्द राजाच्या प्रिव्ही कौन्सिलाकडे. कंपनीची सदर अदालत व तिच्या हाताखालचीं न्यायालयें हा निराळाच पसारा होता. एकाच मुलखांत दोन धन्यांचीं दोन न्यायासनें अशी ही व्यवस्था होती, आणि तींतून जे तंटे उद्भवले त्यांपैकीं महाराष्ट्राशीं अत्यंत निकटचा तंटा म्हणजे सन १८२८-२९ मधील मोरो रघुनाथाचें प्रकरण होय.

या प्रकरणाचा कायदेविषयक निकाल सर्वश्रुत आहे. वकिलांच्या ग्रंथांतून तो आढळतो. प्रस्तुत लेखाचा रोख निराळा आहे. हें प्रकरण आपणांस कळतें तें मुख्यतः छापील मजकुरावरून, म्हणजे मुंबईच्या इंग्रजी पत्रांवरून, त्यांतून उतारे घेणाऱ्या लंडनच्या मासिकांवरून व उभय पक्षांनीं मागाहून प्रसिद्ध केलेल्या कैफियतींवरून. या न्यायालयाविषयीं काय छापावें व काय छापूं नये, हें त्या काळीं कोण ठरवीत असे, याचा विचार केल्यावांचून त्या मजकुराची किंमत करतां येत नाहीं, असें माझें मत आहे. म्हणून आधीं चार वर्षें मागें जाणें प्राप्त आहे.

मुंबईंत सन १८२४ पूर्वीं रेकॉर्डर्स कोर्ट होतें. त्याचा शेवटचा रेकॉर्डर सर एडवर्ड वेस्ट हा सन १८२३ च्या आरंभीं आला. हा गृहस्थ अर्थशास्त्राच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. जमिनीच्या खंडाची मीमांसा करणारा त्याचा निबंध सन १८१५ चा. मुंबईंत मात्र तो प्रसिद्ध झाला तो कडकपणामुळें. कोर्टाच्या कचेरींतील फीच्या घोटाळ्यावरून त्यानें ज्यांस दूर केलें त्यांत विल्यम अर्स्किन होता. बाबराच्या आत्मचरित्राचें इंग्रजी भाषांतर लेडनबरोबर ज्यानें सिद्ध केलें, तोच हा अर्स्किन. विद्वानांच्या वर्तुळांत व गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या मित्रमंडळांत त्याचें वजन मोठें होतें. त्यामुळें गोऱ्या समाजांत तट पडले. सन १८२३ च्या डिसेंबरांतील सनदेनें सुप्रीम कोर्ट निर्माण झालें, ता. ८ मे १८२४ रोजीं तें उघडलें, व वेस्ट हाच त्याचा पहिला मुख्य न्यायाधीश झाला, तेव्हां हे तट कोर्टाबरोबरच नव्या घरांत आले असें म्हणावें लागतें. 'घर' हा शब्द येथें अलंकारिकच समजावा. प्रत्यक्ष इमारत जुनीच, अपोलो रस्त्यावरील हॉर्नबी हाउस, हीच होती.

त्या वेळीं मुंबईंत 'बाँबे गॅझेट' व 'बाँबे कूरियर' हीं दोन इंग्रजी पत्रें प्रमुख होतीं. गुजरातींत फर्दुनजी मर्झबान यांचें 'मुंबई समाचार' सन १८२२ च्या १ जुलैपासून चालूं होतें. मराठींत एकही पत्र नव्हतें. इंग्रजी पत्रें कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांच्या हितसंबंधापासून अलिप्त नव्हतीं, आणि न्यायाधीशांचा आरोपच असा होता कीं, सरकारी मंडळी या पत्रांच्या आडून कोर्टावर तीर सोडते. कौन्सिलांतील फ्रान्सिस वॉर्डन यांचें नांव या तक्रारींत येतें. पुढें सन १८२६ च्या सुमारास कंपनीच्या डायरेक्टरांनीं आपल्या नोकरांस वर्तमानपत्रांशीं संबंध ठेवण्याची मनाई केली, त्यावरून ही तक्रार अगदींच निराधार नसावी असें दिसतें.

आतां नियमांचा भाग. लॉर्ड हेस्टिंग्ज यांनीं सन १८१८ मध्यें कलकत्त्यास छापण्यापूर्वींची तपासणी बंद केली. एल्फिन्स्टन यांनीं तिचें अनुकरण मुंबईंत केलें. याबद्दल दोघांचीही स्तुति करण्याचा प्रघात आहे व ती योग्य आहे. पण तपासणी गेली तरी तिच्या जागीं नियम आले. संपादकांनीं ज्यांच्या सार्वजनिक वर्तनावर आक्षेपार्ह टीका करावयाची नाहीं अशांची यादी त्यांत होती. त्या यादींत कौन्सिलाच्या सभासदांबरोबर व कलकत्त्याच्या बिशपाबरोबर सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीशही होते. नियम मोडणाऱ्यास शिक्षा कोणती? खटला नव्हे, दंड नव्हे. तर परवाना काढून घेऊन जहाजावर चढविणें. कंपनीच्या मुलखांत इंग्रजानें राहावयाचें तें कंपनीच्या परवान्यानें; तो परवाना रद्द झाला कीं त्यानें मायदेशीं जावें. कलकत्त्याच्या 'कॅलकटा जर्नल'चा संपादक बकिंगहॅम सन १८२३ मध्यें असाच परत गेला, व लंडनमध्यें त्यानें सन १८२४ पासून 'ओरिएंटल हेराल्ड' काढून कंपनीच्या कारभाराचा पिच्छा पुरविला.

मुंबईंत याच शस्त्राचा प्रयोग सन १८२४ मध्यें झाला, आणि ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तो न्यायाधीशांच्या तक्रारीवरून झाला. 'बाँबे गॅझेट'चा संपादक सी. जे. फेअर यानें सुप्रीम कोर्टाच्या कामकाजाचा जो वृत्तांत छापला, त्यांत न्यायाधीशांच्या तोंडीं भलतेंच बोलणें घातलें आहे, अशी तक्रार न्यायमूर्ति सर चार्लस चेंबर्स यांनीं सरकारकडे केली. फेअरनें माफी मागावी, नाहीं तर निघून जावें, असा पेंच पडला. आणि फेअर हद्दपार झाला. एल्फिन्स्टन यांस हें कृत्य रुचलें नव्हतें असें त्यांचे चाहते सांगतात. तें खरेंही असेल. परंतु येथें एल्फिन्स्टन यांच्यापेक्षां चेंबर्स यांच्याकडे पाहण्याचें कारण पुढें येणार आहे. आपल्या कोर्टाची बेअदबी झाली असें न्यायाधीशास वाटलें, तर बेअदबीबद्दल संपादकास आपल्यासमोर उभा करून त्याचें म्हणणें ऐकण्याचा अधिकार त्याच्या हातीं होता. तो मार्ग टाकून त्यानें गव्हर्नराच्या हुकमी सत्तेकडे धाव घेतली. ज्या सत्तेस कोणतेंही कोर्ट जाब विचारूं शकत नव्हतें, तीच सत्ता एका न्यायाधीशानें आपल्या मानरक्षणार्थ वापरविली.

यानंतर दोनच वर्षांनीं त्याच न्यायासनानें अगदीं उलट्या तऱ्हेची गोष्ट केली. कलकत्त्यास सन १८२३ मध्यें हंगामी गव्हर्नर जनरल अॅडॅम यांनीं पत्रांस परवाना सक्तीचा करणारा निर्बंध काढला होता. राममोहन राय प्रभृतींनीं अर्ज केला असतांही तेथील सुप्रीम कोर्टानें तो नोंदून घेतला. असा निर्बंध राजाच्या कोर्टांत नोंदला गेल्याशिवाय त्या शहरांत अंमलांत येत नसे, हा कायद्याचा दंडक होता. तसाच निर्बंध मुंबईस लागू करण्याचें ठरून तो सन १८२६ मध्यें मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढें आला, तेव्हां वेस्ट व चेंबर्स यांनीं तो नोंदण्याचें साफ नाकारलें. मुंबईचीं पत्रें त्यामुळें कलकत्त्याच्या जाचांतून सुटलीं. हा न्यायाधीशांचा उपकार खरा. पण फेअरची हकीगत डोळ्यांपुढें ठेवली म्हणजे त्यांत छापखान्याविषयींच्या प्रेमापेक्षां सरकारास आवर घालण्याची हौस अधिक होती, असें म्हणणें भाग पडतें. निदान दोन्ही कारणें मिसळलेलीं होतीं.

एवढी पार्श्वभूमि पुरे. आतां मूळ प्रकरणाकडे वळतों.

शके १७५० सर्वधारी संवत्सर, इसवी सन १८२८. एल्फिन्स्टन जाऊन सर जॉन मालकम हे मुंबईचे गव्हर्नर झाले होते. पेशवाई जाऊन दहा वर्षें झालीं होतीं. दक्षिणच्या जुन्या सरदार-इनामदारांस इंग्रजी कायद्याच्या सरसकट कचाट्यांत न आणतां त्यांच्या दर्जाप्रमाणें कांहीं सवलती द्याव्या, त्यांचे दावे सरदारांच्या एजंटासमोर चालावे, अशी एल्फिन्स्टन यांची योजना होती व सन १८२७ च्या एकोणतिसाव्या रेग्युलेशनानें तीस कायद्याचें रूप आलें होतें. मालकम यांस मराठे सरदारांची पारख जुनी. नव्यानें मिळालेल्या या मुलखांत राज्य टिकतें तें फौजेपेक्षां सरकारच्या दबदब्यावर, असें ते नेहमीं म्हणत.

पुण्यास मोरो रघुनाथ नांवाचा सुमारें चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याचे चुलत आजोबा पांडुरंग रामचंद्र हे त्याचे पालक. मुलास पांडुरंगरावांनीं कोंडून ठेविलें असून त्यांत त्याच्या जिवास अपाय आहे, अशा आशयाचीं प्रतिज्ञापत्रें मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढें दाखल झालीं. त्यांवर कोर्टानें पांडुरंगरावांच्या नांवें हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला. 'अमुक मनुष्याचा देह आमच्यापुढें हजर करा व त्यास कोणत्या अधिकारानें धरून ठेविलें आहे तें सांगा', एवढाच या हुकमाचा अर्थ. मुलाचा ताबा कोणाकडे असावा याचा निकाल त्यांत नसतो. त्याला डोळ्यांनीं पाहिल्यावर मग तो विचार. हुकूम न मानल्यास दुसरा, तिसरा असे हुकूम निघतात, आणि तरीही न मानल्यास कोर्टाच्या अवज्ञेबद्दल पकडण्याचें वारंट निघतें.

याच सुमारास बापू गणेश नांवाच्या एका कैद्याविषयीं तसाच हुकूम ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्यावर निघाला. या कैद्यास कंपनीच्या फौजदारी न्यायालयानें शिक्षा दिली होती. तुरुंगाधिकाऱ्याच्या उत्तरांत त्या न्यायालयाचा अधिकार सविस्तर मांडलेला नाहीं, ही न्यायाधीशांची हरकत. म्हणजे पहिल्या हुकमानें पुण्याच्या एका खासगी वाड्याचें दार ठोठावलें, व दुसऱ्यानें कंपनीच्या खुद्द न्यायसत्तेचें.

सरकारचें म्हणणें असें होतें कीं, राजाच्या कोर्टाचा सर्वसाधारण अधिकार मुंबई बेटापुरता; बेटाबाहेर तो चालतो तो ब्रिटिश प्रजाजन, कंपनीचे नोकर इत्यादि ठराविक मंडळींवर. पांडुरंगराव यांपैकीं कोणीच नव्हते. न्यायाधीशांचें म्हणणें असें कीं, सनदेनें आम्हांस इंग्लंडांतील किंग्ज बेंचच्या न्यायाधीशांचे अधिकार दिले आहेत. हेबियस कॉर्पस हा राजाचा स्वतःचा हुकूम. राजाचा अंमल जेथें आहे तेथें त्याची प्रजा कोणीं व कां कोंडली हें विचारण्याचा त्यास हक्क आहे. आणि पुण्यांत आतां राजाचा अंमल नाहीं असें कोण म्हणेल? वाचकांनीं दोन्ही बाजू तोलून पाहाव्या. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद ऐकतांना मन तिकडे झुकतें, हें मी कबूल करतों.

यांत काळानें आपला हात घातला. मुख्य न्यायाधीश वेस्ट हे सन १८२८ च्या ऑगस्टांत वारले. न्यायासनावर चेंबर्स व नवे आलेले सर जॉन पीटर ग्रँट असे दोघे उरले. ता. ३ ऑक्टोबर रोजीं मालकम व त्यांच्या कौन्सिलानें या दोघांस एक पत्र पाठविलें. त्याचा आशय असा कीं, विलायतेहून निर्णय येईपर्यंत अशा हुकमांची अंमलबजावणी कोर्टानें करूं नये; सरकार त्यास साह्य करणार नाहीं. गव्हर्नर, सरसेनापति व दोन सभासद अशा चौघांच्या सह्यांचें हें पत्र होतें. पत्र खासगी सल्ल्याच्या रीतीनें लिहिलें होतें असें सरकारपक्ष पुढें म्हणे. परंतु न्यायाधीशांनीं तें खासगी मानलें नाहीं. तीन दिवसांनीं भर कोर्टांत त्यांनीं त्याचा जाहीर उल्लेख करून त्याचा निषेध केला. न्यायासनापुढें कंपनी व तिचे राज्यकर्ते हे इतर कोणाही फिर्यादीसारखेच. या भिंतींच्या आंत देव व राजा यांखेरीज आम्हांवर वरिष्ठ कोणी नाहीं, असा त्या भाषणांचा सूर होता.

हीं भाषणें वर्तमानपत्रांत आलीं. 'एशियाटिक जर्नल'सारख्या लंडनच्या मासिकांनीं पुढें तीं उचललीं. येथें सन १८२४ ची आठवण ठेवावी. चार वर्षांपूर्वीं कोर्टांतील बोलणें विपर्यस्त छापलें म्हणून ज्या चेंबर्स यांनीं संपादकास देशाबाहेर घालविण्यास कारण पुरविलें, त्याच चेंबर्स यांस आतां आपलें बोलणें जगभर छापून जावें असें वाटत होतें. सरकार पत्रव्यवहार बंद पाकिटांत चालवूं पाहत होतें, व कोर्टास उघड्या दाराचा आधार हवा होता. वर्तमानपत्र हें यापुढें या तंट्यांतलें हत्यार झालें. त्यामुळें ऑक्टोबर १८२८ नंतरचे कोर्टाचे वृत्तांत वाचतांना एक भेद लक्षांत ठेवणें अवश्य आहे : तत्पूर्वींचे वृत्तांत बातमीदारानें भीत भीत लिहिलेले आहेत, तर तदनंतरचीं भाषणें तर छापण्याकरितांच केलेलीं आहेत. पहिल्यांत गाळलेलें फार, दुसऱ्यांत वाढविलेलें फार.

चेंबर्स यांचें हें जवळजवळ शेवटचें काम ठरलें. ता. १३ ऑक्टोबर रोजीं तेही वारले. दोन महिन्यांच्या आंत दोन न्यायाधीश गेले; ग्रँट एकटे उरले. ग्रँट हे स्कॉटलंडचे जमीनदार, वकील व पार्लमेंटचे माजी सभासद. कर्जानें बेजार होऊन हिंदुस्थानांत आलेले. स्वभाव मानी. मालकम यांचा स्वभावही कमी मानी नव्हता. त्यांनीं मुंबई बेटाबाहेर असे हुकूम मानले जाऊं नयेत, त्यांस उत्तरें दिलीं जाऊं नयेत, अशी ताकीद पुण्याच्या अंमलदारांस दिली. पांडुरंगराव यांच्यावर वारंट निघालें तरी बजावणार कोण? राजाच्या कोर्टाचा हुकूम राजाच्याच नांवानें राज्य करणाऱ्यांच्या शिपायांनीं अडविला, असा प्रकार झाला. सरकार कोर्टाचा अधिकार मानीत नाहीं तोंपर्यंत न्यायदान चालविण्यांत अर्थ नाहीं, असें जाहीर करून ग्रँट यांनीं ता. १ एप्रिल १८२९ रोजीं कोर्ट बंद केलें. प्रेसिडेन्सीचें सर्वोच्च न्यायालय न्यायाधीशानेंच कुलूप घालून बंद केल्याचें दुसरें उदाहरण मला आठवत नाहीं. कांहीं आठवड्यांनीं तें पुन्हां उघडलें. पण तोंवर तंट्याचें भवितव्य मुंबईच्या हातीं राहिलें नव्हतें.

या ठिकाणीं जहाजांचा हिशेब करणें बोधप्रद आहे. केपवरून येणाऱ्या टपालास चार-पांच महिने लागत. मुंबईचे लोक आज जें वाचीत तें विलायतेंतलें गेल्या हंगामाचें, आणि विलायतेंत ज्यावर वाद चाले तें मुंबईंत केव्हांच शिळें झालेलें. ग्रँट यांनीं एप्रिलांत कोर्ट बंद केलें, तेव्हां ता. २१ फेब्रुवारीचें एक पत्र समुद्रावर होतें. तें बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनीं मालकम यांस लिहिलेलें खासगी पत्र होय. रिकाम्या दोन जागीं आपणांस अनुकूल अशा दोन न्यायाधीशांची नेमणूक होत आहे, म्हणजे त्यांच्यामध्यें ग्रँट हे दोन माणसाळलेल्या हत्तींमध्यें जखडलेल्या रानहत्तीसारखे होतील, असा त्यांतला एक दृष्टान्त.

हें पत्र फुटलें. मालकम यांच्या हातून तें इतरांच्या हातीं गेलें, तेथून तें वर्तमानपत्रांत छापलें गेलें, आणि लंडनच्या पत्रांत येतांच मोठा गहजब उडाला. हत्तीच्या उपमेची थट्टा झाली. परंतु मला उपमेपेक्षां तारीख महत्त्वाची वाटते. या प्रकरणाचा विचार प्रिव्ही कौन्सिलापुढें व्हावयाचा होता, व कौन्सिलानें आपलें मत फेब्रुवारींत दिलेलें नव्हतें. म्हणजे वाद वरिष्ठ न्यायासनापुढें जाण्यापूर्वींच मंत्र्यानें गव्हर्नरास आश्वासन दिलें होतें कीं, खालचें न्यायासन आपण हवें तसें भरून देतों. नियुक्त्याही तशाच झाल्या : सरकारचे अॅडव्होकेट जनरल ड्यूअर हे मुख्य न्यायाधीश झाले व दुसऱ्या जागीं सेमोर आले. सरकारी दप्तर तेवढें राहिलें असतें तर या दोन नेमणुका नेहमींच्या बदल्यांसारख्या वाटल्या असत्या. एका खासगी पत्राच्या प्रसिद्धीमुळें त्यांचा हेतु इतिहासास कळला. वर्तमानपत्राच्या पुराव्याविषयीं संशयानें लिहितांना हें ऋण मान्य केलेंच पाहिजे.

प्रिव्ही कौन्सिलाचें मत सन १८२९ मध्येंच झालें. प्रिव्ही कौन्सिलाची न्यायसमिति सन १८३३ ची. त्यापूर्वींचा हा विचार असल्यामुळें त्याचें रूप निवाड्यापेक्षां राजास दिलेल्या सल्ल्याचें आहे. नॅप यांच्या निवाडेसंग्रहाच्या पहिल्या खंडाचा आरंभच त्यानें होतो. सल्ला असा कीं, दोन्ही हुकूम अयोग्य रीतीनें निघाले. कोर्टाचा सर्वसाधारण अधिकार ज्या हद्दींत चालतो तेथें राहणाऱ्यावर, अथवा हद्दीबाहेर असूनही जो व्यक्तिशः त्या कोर्टाच्या अधिकाराखालीं येतो त्याच्यावर, असा हुकूम काढतां येईल; इतरांवर नाहीं. एतद्देशीय न्यायालयाच्या तुरुंगाधिकाऱ्यावर त्या नात्यानें तो काढतां येणार नाहीं. आणि त्या न्यायालयाचा अधिकार उत्तरांत सविस्तर मांडला नसला तरी सुप्रीम कोर्टानें तो स्वतः ओळखला पाहिजे.

सनदेचे शब्द पाहतां हा सल्ला चुकीचा होता असें मला म्हणवत नाहीं. पुण्याच्या रहिवाशास इंग्लंडच्या राजाचा अंमल सोसावा लागे, पण त्या राजाच्या न्यायाधीशाकडे दाद मागतां येत नसे; ही विसंगति सनद लिहिणाऱ्यांचीच होती, ग्रँट यांनीं ती फक्त उघडी केली. मालकम यांच्या पक्षासही न्याय दिला पाहिजे. पुण्याच्या सरदारांस जीं वचनें दिलीं होतीं तीं मुंबईच्या एका हुकमानें मोडलीं असें दिसलें असतें, तर त्याचा परिणाम काय झाला असता हें त्यांच्याइतकें कोणास कळत नव्हतें. मात्र दिलेलें वचन सरदारास होतें. सरदाराच्या घरांतील मुलास कोणीं काय वचन दिलें होतें, हा प्रश्न त्या सर्व पत्रव्यवहारांत कोणी विचारलेला दिसत नाहीं.

पुढें ग्रँट सन १८३० मध्यें मुंबई सोडून कलकत्त्यास गेले व कांहीं वर्षांनीं तेथील सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. त्याच सालीं मालकमही गेले. मग कैफियतींचे ग्रंथ निघाले. मालकम यांनीं आपली बाजू सन १८३३ च्या 'गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया' या पुस्तकांत मांडली. के यांनीं सन १८५६ च्या चरित्रांत तीच सजविली. वेस्ट यांची बाजू ड्रूइट यांनीं सन १९०७ मध्यें लेडी वेस्ट यांच्या रोजनिशीच्या आधारें पुढें आणली. ग्रँट यांची कन्या एलिझाबेथ हिच्या आठवणी सन १८९८ मध्यें प्रथम छापून निघाल्या. त्या काळीं ती वडिलांबरोबर मुंबईंत होती. याप्रमाणें गव्हर्नरास चरित्रकार मिळाला, मुख्य न्यायाधीशास पत्नीची रोजनिशी मिळाली, ग्रँट यांस मुलगी मिळाली. मोरो रघुनाथाच्या वतीनें बोलणारें एकही पुस्तक नाहीं. ज्याच्या देहाबद्दल सारा हुकूम, तो देह कोर्टासमोर आला नाहीं, व छापील कागदांतही तो नांवापलीकडे येत नाहीं.

त्या नांवाची छापील दशाही शोधकांस सांगून ठेवितों. इंग्रजी साधनांत मोरो रघुनाथाचा 'रॅगोनाथ' होतो, पांडुरंग रामचंद्राचा 'पांडूरंग रामचंदर' होतो, बापू गणेशाचा 'बप्पू गनेस' होतो, ठाण्याचें 'टॅना' होतें. सूचींत 'रघुनाथ' हा शब्द शोधणाऱ्याच्या हातीं बहुधा कांहीं लागणार नाहीं. निवाडेसंग्रहांत तर प्रकरणाच्या मथळ्यावर त्या मुलाचें नांवच नाहीं. मुंबईच्या न्यायाधीशांचें प्रकरण म्हणून तें नोंदलें आहे.

मराठी वाचकास ही हकीगत त्या वेळीं कशी कळली असेल? बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ता. ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें. म्हणजे कोर्टास कुलूप लागल्यानंतर पावणेतीन वर्षांनीं. त्यापूर्वीं पुण्यांत बातमी चाले ती जुन्याच वाटेनें : मुंबईच्या कारकुनाचें, दलालाचें अथवा सावकाराच्या गुमास्त्याचें पत्र, त्याच्या शेवटीं 'वर्तमान' म्हणून लिहिलेल्या चार ओळी. दोन सरकारांत भांडण लागलें, मुंबईचें मोठें कोर्ट बंद पडलें, पुण्याच्या एका घरावर तेथून हुकूम आला, या गोष्टी अशा पत्रांत न येणें अशक्य. त्या ओळींना गव्हर्नराचें भय नव्हतें, न्यायाधीशाचें नव्हतें व लंडनच्या वाचकाचा मोहही नव्हता. म्हणून त्यांची किंमत 'गॅझेट' व 'कूरियर' यांच्या स्तंभांपेक्षां निराळी आहे.

सबब संग्राहकांस विनंती कीं, ज्यांच्या संग्रहीं शके १७५० सर्वधारी व शके १७५१ विरोधी या दोन संवत्सरांचीं मुंबई-पुणें मार्गावरील सावकारी अथवा घरगुती पत्रें असतील, त्यांनीं हिशेबाचा भाग टाकाऊ समजून तीं बाजूस ठेवूं नयेत. पत्राची शेवटची बाजू व समासांतील मजकूर अवश्य वाचावा. 'सुप्रीम कोट', 'सुपरीम', 'बडें कोडत' अशा कोणत्याही रूपांत कोर्टाचा उल्लेख सांपडण्याचा संभव आहे. पांडुरंग रामचंद्र यांचें नांव कोठें आढळल्यास तेवढ्या पत्राची नक्कल तारीख-तिथीसह मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद पाठविण्याची आवश्यकता नाहीं.